पहिला ग्लास फेसाचा

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना घाईत सुटलेले काही तपशील लिहिताना भरले आहेत.)



संयोजकांनी फोनवर विषय दिला होता, 'शाळेत शिकलेली आणि पुढे उपयोगी पडलेली एक गोष्ट'. मी आठवडाभर विचार केला. संस्कार, शिस्त, वक्तशीरपणा हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी वाटून घेतलेलं दिसलं. माझ्या वाट्याला उरला सोडा. म्हणजे सोडावॉटर. आणि त्या सोड्याची गोष्ट सांगायची तर मला बिअरबद्दल बोलावं लागणार आहे. विज्ञानाच्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पंचेचाळिशी ओलांडली तरी त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारताना तळहात पाठीमागे लपवावासा वाटतो. बाई, आधीच माफी मागते. शेवटपर्यंत ऐकून मग काय ती शिक्षा करा.

नववीत बाईंनी वर्गात गोळी सोड्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, आठवतं? एक बर्फात ठेवलेली, दुसरी उन्हात खिडकीवर. आधी थंड बाटलीची गोळी आत दाबली. थोडा 'फुस्स' आवाज, थोडे बुडबुडे. मग उन्हातली. अर्धा सोडा टेबलावर, उरलेला पहिल्या बाकावरच्यांच्या वह्यांवर. बाईंनी फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली. दाब कमी झाला की द्रवातला वायू बाहेर पडतो. तापमान वाढलं तरी बाहेर पडतो. मी ती पाठ केली, परीक्षेत दोन गुण मिळवले आणि विसरले.

आता मधली वर्षं पटकन सांगते. इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न आणि मग कंपनीने आम्हाला अमेरिकेत मिलवॉकीला पाठवलं. मिलवॉकी हे बिअरचं गाव. मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ ही सगळी नावं तिथलीच. आमचे शेजारी निवृत्त गृहस्थ होते. नाताळला सगळ्या गल्लीला घरी बोलवायचे आणि गॅरेजमध्ये एका जुन्या फ्रिजच्या दाराला नळ बसवून त्यातून ड्राफ्ट बिअर द्यायचे. आत बिअरचं पिंप, ज्याला ते केग म्हणतात, बाजूला कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, मध्ये नळी. बस्स. मला बिअरपेक्षा त्या जोडणीचंच कौतुक वाटलं. तुम्हाला माहीतच आहे, मी घरी मिक्सर उघडून बघणारी मुलगी. आजोबांनी मला सगळं शिकवलं. आम्ही परत यायला निघालो तेव्हा जुन्या बाजारातून घेतलेले दोन रिकामे स्टीलचे केग मी सामानात घातले. नवरा म्हणाला, "लोक अमेरिकेहून टीव्ही आणतात."

परत आलो ते शीळफाट्याला. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्यावर "एवढ्या लांब?" असं विचारलं होतं. आपल्या लहानपणी शीळफाटा म्हणजे पुण्याला जाताना लागणारं एक वळण. कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून येणारा, महापेकडे जाणारा आणि जुना मुंबई-पुणे रस्ता तिथे भेटतात, आणि त्या चारी दिशांचे ट्रक एकाच वेळी आपल्यालाच भेटायला येतात. आता तिथे चोवीस मजली इमारती आहेत आणि बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून येणारा 21 किलोमीटरचा बोगदा तिथेच वर निघणार आहे. हे सांगण्याचं कारण, माझ्या गोष्टीत हा रस्ता दोनदा येतो.

आपल्या घरांतून बिअर हा विषय कसा होता तेही आठवा. 'पितो' एवढंच क्रियापद होतं, कर्म सांगावं लागत नसे. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आणि नाव बदलून तो आजही लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो, बिअरसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, इतर दारूसाठी 25. घरी बिअर बनवायला तर मनाईच आहे. पण काळ बदलला. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या सैनिकांनी तो इंग्रजीला दिला. पुढे गेटवे ब्रुइंग या कंपनीने आपल्या डोंबिवलीच्या एमआयडीसीत बिअर बनवायला घेतली. ज्या एमआयडीसीच्या वासाने आपण वर्गाच्या खिडक्या बंद करायचो, तिथे! 2020 च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअऱ्यांना ताजी बिअर बाटलीत भरून घरी न्यायला देण्याची मुभा मिळाली, आणि माझे माळ्यावरचे केग मला हाका मारायला लागले.

डिसेंबर 2022. नाताळच्या सुट्टीत आपल्या वर्गातल्या चौदा जणांना घरी बोलावलं. आम्हा दोघांचे परवाने काढले. त्याच दिवशी दुपारी ठाण्याहून दहा लिटर बिअर आणली. येताना मुंब्रा बायपासचे खड्डे. गाडीच्या डिकीत बाटल्या, बाहेर तिसेक अंश तापमान. घरी आल्या आल्या ती केगमध्ये ओतली, गॅस जोडला, वर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि सात वाजता पाहुण्यांसमोर मोठ्या ऐटीत नळ उघडला. जे आले होते त्यांना पुढचं माहीत आहे. फेस. ग्लासभर फेस, बादलीभर फेस. कुणीतरी म्हणालं, "दाढी करायला बोलावलंस का?" शेवटी चहाच्या गाळण्यातून बिअर गाळण्याचाही एक प्रयोग झाला. तो कुणी केला ते सांगत नाही, त्यांची मुलं इथे बसली आहेत.

त्या रात्री ओटा पुसताना मला बाईंच्या दोन बाटल्या आठवल्या.

मग मी इंजिनिअरसारखी बसले आणि एकेक कारण शोधलं. ज्यांना घरी असं काही करायचं असेल त्यांनी लिहून घ्या. यातलं बहुतेक सगळं नुसत्या सोड्यालाही लागू आहे.

एक, थंडावा. शून्य अंशाला, साध्या हवेच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात साधारण 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. 20 अंशाला जेमतेम 0.9 लिटर. म्हणजे जवळजवळ निम्मा. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू असतो. ती कोमट झाली की हा सगळा वायू दार शोधत असतो. केग तीन-चार अंशाला आदल्या दिवसापासून हवा. फ्रिज नसेल तर बादलीत बर्फ घाला, पण बर्फात पाणीही ओता. नुसता बर्फ केगला चार ठिकाणी टेकतो, बर्फाचं पाणी त्याला सगळीकडून धरतं. फक्त वर पिशव्या ठेवून खालची बिअर गार होत नाही. मी तेच केलं होतं.

दोन, विश्रांती. हलवलेल्या, आदळलेल्या केगला एक रात्र तरी शांत ठेवा. बाटल्यांतून केगमध्ये ओतायची असेल तर दोन्ही थंड करून, केगमधली हवा आधी गॅसने बाहेर काढून, कडेने हळूहळू ओता. मग दीड-दोन दिवस दाबाखाली राहू द्या, सुटलेला वायू परत विरघळतो. हवेतला ऑक्सिजन आत राहिला तर बिअरची चव हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखी होते.

तीन, दाब. एवढ्या थंडाव्याला 12 पीएसआयच्या आसपास. फेस आला की लोक घाबरून दाब एकदम कमी करतात. मग नळीतच वायू सुटतो आणि फेस वाढतो. त्याऐवजी नळी बघा. आतून पाच मिलिमीटरपेक्षा किंचित कमी व्यासाची आणि दोन-अडीच मीटर लांब हवी. केगमधला दाब त्या नळीत घासत घासत कमी होत जातो आणि बिअर नळातून सावकाश बाहेर येते. माझी पहिली नळी एक हात लांब होती. म्हणजे मी धरणाचा दरवाजा थेट ग्लासात उघडला होता.

चार, ग्लास. भांड्यांच्या साबणाचा किंवा तुपाचा नुसता हात लागला तरी बिअरचा फेस बसतो, आणि खरखरीत डाग असेल तर तिथून बुडबुड्यांची रांग लागते. ग्लास वेगळ्या स्वच्छ घासणीने धुवा, उपडे वाळवा, ओतण्याआधी गार पाण्याने विसळा. ग्लास तिरपा धरा आणि नळ पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेला नळ म्हणजे हमखास फेस. शेवटी ग्लास सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. तेवढा हवाच, वास त्यातूनच येतो.

आणि पाच, पहिला ग्लास फेसाचाच येणार. नळ आणि नळी बाहेरच्या हवेत तापलेली असतात. तो ग्लास यजमानाने स्वतः घ्यायचा, पाहुण्याला द्यायचा नाही.

सिलिंडरचं एक वेगळं सांगते. तो खाण्यापिण्याला चालणाऱ्या गॅसचाच हवा, कायम उभा आणि बांधून ठेवायचा, रेग्युलेटरशिवाय उघडायचा नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून बंद खोलीत नको. माझा बाल्कनीत असतो.

हे सगळं जुळवून 2023 च्या नाताळला मी पुन्हा तुम्हाला बोलावलं. त्या वर्षी एकही ग्लास वाया गेला नाही. सोनेरी बिअर, वर दोन बोटं पांढरा फेस. सगळे नळाभोवती जमले. प्रत्येकाला स्वतः ओतून बघायचं होतं. फोटो निघाले, व्हिडिओ निघाले. मी तर पाहुण्यांपेक्षा नळाकडेच बघत होते. उत्पादन चालू झालं आणि एकही बग नाही, याचा आनंद माझ्या व्यवसायातल्या लोकांनाच कळेल.

सव्वानऊला आपल्यातला एक जण निघून गेला. मी ते पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी फोटो बघताना लक्षात आलं की तो नंतरच्या एकाही फोटोत नाही.

त्याचं नाव मी घेणार नाही. ही गोष्ट सांगण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे, आणि भाषण लिहून आधी त्यालाच वाचायला दिलं आहे. ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत, तेव्हा अंदाज बांधत बसू नका.

चार दिवसांनी मी त्याला फोन केला. न सांगता का गेलास म्हणून थोडं रागावलेसुद्धा. तो आधी हसला. मग म्हणाला, "दीड वर्षं झालं सोडून. तुला कुणी सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं. पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून त्याने उपचार घेतले होते. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या त्या केंद्राबद्दल मी वाचलं होतं, वर्गणीही पाठवली होती. पण तिथे जाऊन आलेला माणूस शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "अरे, मग कोल्ड्रिंक होतं की." होतं. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, शेजारी कागदी कप. त्या संध्याकाळी त्याला तिघांनी विचारलं, "तू का घेत नाहीस?" पहिल्याला तो म्हणाला नको वाटतंय. दुसऱ्याला म्हणाला गाडी चालवायची आहे. दुसरा म्हणाला, "अरे बिअरच आहे, दारू थोडीच आहे." तिसऱ्याला तो म्हणाला, अँटिबायोटिक चालू आहे. मला म्हणाला, "शाळेतल्या मित्रांशी मी कधी खोटं बोललो नव्हतो गं. त्या कागदी कपासाठी बोललो."

आणि मग त्याने रस्त्याचं सांगितलं. घरी जाताना शीळफाट्याच्या सिग्नलला ट्रकांच्या रांगेत अडकला. डावीकडे वाइन शॉप उघडं होतं. सिग्नल सुटला तरी त्याने गाडी पुढे नेली नाही, कडेला घेतली. दहा मिनिटं त्या दुकानाच्या दिव्याकडे बघत बसला. मग बायकोला फोन केला आणि ती बोलत राहिली तसा तो गाडी चालवत घरी पोचला. त्या दहा मिनिटांत मी माझ्या घरी कदाचित कुणाला तरी सांगत होते की ग्लास तिरपा धरायचा.

तो मला दोष देत नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याचं म्हणणं, त्याची लढाई त्याची. पण मला माझं दिसलं. मी वर्षभर थंडावा, दाब, नळीची लांबी मोजत होते. घरात येणाऱ्या चौदा माणसांपैकी किती जण घेत नाहीत, ते मोजलंच नव्हतं. आणि तो एकटा नव्हता. नंतर विचारत गेले तेव्हा कळलं की चौदातले पाच जण घेत नव्हते. कुणाला मधुमेह, कुणाचा उपास, कुणाला आवडतच नाही. त्यातल्या दोघींनी हातात बिअरचा ग्लास धरला होता आणि शेवटी बेसिनमध्ये ओतला होता. फक्त कुणी विचारू नये म्हणून.

माझ्याकडे केग दोन होते. दुसरा रिकामाच पडला होता.

हे केग आजोबांकडून घेताना त्यांनी सांगितलं होतं की ते मुळात बिअरचे नाहीतच. एकोणीस लिटरचे ते स्टीलचे डबे अमेरिकेत थंड पेयांच्या कंपन्यांसाठी बनले. दुकानांतून सरबत त्यातूनच यायचं. कंपन्यांनी ते टाकून दिले तेव्हा घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. म्हणजे सरबत हाच त्यांचा मूळ धर्म. गंमत म्हणजे सोडावॉटर जन्मलं ते बिअरच्याच शेजारी. 1767 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लीड्स इथे जोसेफ प्रीस्टली हे शास्त्रज्ञ एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या बिअरच्या हौदांवर वायूचा थर साचतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्या थरात त्यांनी पाणी धरलं, आणि ते पाणी जिभेला चुरचुरलं. ऑक्सिजनच्या धड्यात बाईंनी शिकवलेले प्रीस्टली ते हेच.

दुसऱ्या केगमध्ये मी कोकम सोडा भरायचं ठरवलं. पहिला प्रयोग फसला, कारण मी भाजलेल्या जिऱ्याची पूड थेट आत टाकली. प्रत्येक कणावर बुडबुडा धरला आणि नळातून गुलाबी कारंजं. मग कल्याण रस्त्यावरच्या आमच्या सोडावाल्या काकांकडे गेले. त्यांचं यंत्र बघितलं. ते म्हणाले, "ताई, पाणी आधी गार पाहिजे आणि कचरा नको. बाकी गॅस आपोआप बसतो." इंजिनिअरिंगची चार वर्षं, त्यांचं एक वाक्य.

तेव्हा कृती अशी. दहा लिटरसाठी पावणेदोन लिटर अमृत कोकम, बाकी गाळलेलं पाणी, चवीला सैंधव. जिरं भाजून गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचं आणि ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घालायचं. मधुमेहींसाठी वेगळ्या बाटलीत आगळ आणि साधा सोडा. केग तीन-चार अंशाला, दोन दिवस 30 पीएसआयच्या आसपास दाब, मग वरचा दाब सोडून वाढताना 12. याचा फेस बिअरसारखा टिकत नाही, कारण बिअरचा फेस सातूतली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं धरून ठेवतात. कोकमाचा फेस गुलाबी येतो, दहा सेकंद थांबतो आणि जातो. पण ते दहा सेकंद बघण्यासारखे असतात.

डिसेंबर 2024. एकाच ओट्यावर दोन नळ, शेजारी शेजारी. ग्लास एकच जातीचे, काचेचे. कागदी कप घरातून हद्दपार. दोन नियम दारातच सांगितले. 'का घेत नाहीस' हा प्रश्न या घरात विचारायचा नाही. आणि आपला ग्लास आपण भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा.

त्याला मी स्वतः फोन केला होता. दोन नळ आहेत हे आधीच सांगितलं आणि म्हटलं, यावंसं वाटलं तर ये, नाही आलास तर पुन्हा विचारणार नाही. त्याने दोन दिवस घेतले. मग विचारलं, "किती वाजता जोडणार आहेस?" तो पाच वाजताच आला, कोकमाची नळी त्याने बसवली. साडेसातला त्याने नळ उघडला. पहिला ग्लास फेसाचा आला, तो त्याने स्वतः घेतला. रात्री साडेअकरापर्यंत तो होता आणि बराच वेळ नळापाशीच होता. बिअरचा नळ मागणाऱ्यालाही तोच ग्लास तिरपा धरायला शिकवत होता. मी घाबरून दोनदा तिकडे गेले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "जा गं, भाज्या बघ."

गोष्ट इथे संपवली असती तर छान दिसलं असतं. पण त्याने मला सांगितलंय की खरं ते सांग. पुढच्या पावसाळ्यात त्याचं एकदा सुटलं. पार्टी नाही, मित्र नाहीत, एका साध्या मंगळवारी. माझ्या दोन नळांचा त्यात काही उपयोग झाला नाही. पुन्हा उपचार, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणं. यात मी किंवा तुम्ही काही करू शकलो असतो का, मला माहीत नाही. एवढं मात्र झालं की या वेळी त्याने आपल्या चौघांना स्वतः फोन करून सांगितलं. अँटिबायोटिकची गोष्ट सांगितली नाही. आणि या डिसेंबरला नळी बसवायला पाच वाजता हजर होता.

आता रस्त्याचं दुसरं. आमच्याकडून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला तो फाटा ओलांडावा लागतो आणि रात्री तिथे कंटेनर भरधाव असतात. अर्ध्या लिटरच्या एका मगात, पाच टक्क्यांची बिअर असेल तर, साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटतं. म्हणजे एका मगाला दोन-तीन तास. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाणी यांनी त्यात एका मिनिटाचा फरक पडत नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण कंटेनरला ती मर्यादा माहीत नसते. म्हणून आमच्याकडे गाडी चालवणाऱ्याची किल्ली येतानाच टोपलीत जाते आणि त्याच्यासाठी रात्रभर कोकमाचा नळ. साडेदहाला बिअरचा नळ बंद, मग मसालेभात आणि कढी. कोकमाचा नळ शेवटचा माणूस जाईपर्यंत चालू. पोचल्यावर गटावर 'पोचलो' लिहायचं. ते सगळे आले की मग मी नळी धुवायला घेते. यजमानाचं काम तिथे संपतं.

बाई, तुमच्या दोन बाटल्यांतून मी एवढं शिकले. दाब आणि उष्णता, दोन्ही सांभाळावी लागतात. पाण्यातली सांभाळायला मला एक वर्ष लागलं, पाहुण्यांमधली सांभाळायला त्याहून जास्त लागलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी या सुट्ट्यांत पार्ट्या होणार. ड्राफ्ट बिअर ठेवा किंवा ठेवू नका, तो तुमचा प्रश्न. ठेवलीत तर आदल्या दिवशी गार करा, नळी लांब घ्या आणि दुसरा नळ विसरू नका. केग नसेल तर निदान न घेणाऱ्यांसाठी काचेचा ग्लास आणि स्वतः केलेलं काहीतरी, तेही समोरच्या टेबलावर, फ्रिजच्या मागे नव्हे. आपण आता पन्नाशीकडे निघालो आहोत. आपल्या वर्गात कोण कोण काय काय सोडून किंवा सोसून आलंय, हे आपल्याला एकमेकांबद्दल ठाऊक नाही.

शाळेच्या आवारात बिअर अर्थातच नाही. पण मागच्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाशेजारी, माझा केग ठेवला आहे. कोकम सोडा आहे, काल रात्रीपासून गार होतोय. नळी कुणी बसवली ते विचारू नका.

बाई, चला. पहिला ग्लास फेसाचा येईल, तो मी घेते. दुसरा तुमचा.